बासा ते एमआयडीसी : जालन्याच्या आश्रयाची परंपरा

‘जालना सोने का पालना’ ही मराठवाड्यातील एका नगरीची ओळख हिंदी बोलीत रूढ व्हावी, यातच या शहराचा इतिहास सामावलेला आहे. जालन्याच्या जडणघडणीत बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा आहे.

निजामाच्या राजवटीत लष्करी छावणी आणि कापसाची पेठ म्हणून जालना नावारूपास आले. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला व व्यापारास गती लाभली. लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निघालेल्या तरुणापाशी भांडवल नसे. आधार मात्र असे. ‘बासा’ या सामाईक भोजनगृहात जेवण, नातलगाच्या गादीवर मुनिमी आणि पत जमल्यावर उधारीने माल, ही मारवाडी व्यापाऱ्यांची ठिकठिकाणची रीत होती. स्थिरावलेल्यांच्या दानातून पुढे धर्मशाळा व स्थानके उभी राहिली. त्याच श्रद्धेतून कर्नाटक गजकेसरी गुरु गणेशलालजी म. सा. यांचे तपोधाम आज या नगरीचे भूषण ठरले आहे.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभारली. पुढे एमआयडीसीत पोलादाच्या भट्ट्या व रोलिंग मिल धडधडू लागल्या आणि बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून कामगार आले. लोटा-दोरी तीच होती. परंतु त्यांच्यासाठी बासा नव्हता, गादीही नव्हती.

त्याची किंमत ८ मे २०२० रोजी कळली. टाळेबंदीत जालन्याहून रुळांवरून पायी गावाकडे निघालेले, थकून करमाडजवळ रुळांवरच झोपलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर पहाटे मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. रुळांवर त्यांच्या शिदोरीतील पोळ्या विखुरल्या होत्या.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत प्रारंभी १०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची सोय झाली. तथापि, कर्जाने माल मिळतो, आपलेपणा मिळत नाही. परप्रांतीय चहावाल्यास वा किराणा दुकानदारास अर्ज भरण्यास साहाय्य, होतकरूस थोडी उधारी, छठसारख्या सणासाठी एखादा जलाशयाचा काठ, आजारपणात धर्मशाळेची खोली, एवढे कार्य कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या आवाक्यातील आहे.

जुन्या पेढ्यांच्या वह्यांत घेणे आणि देणे समोरासमोर लिहिले जाई. ज्या समाजाच्या पूर्वजांना या नगरीने थारा दिला, त्याच्या खात्यावर ते देणे अद्याप बाकी आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याची परतफेड सुरू व्हावी, हीच या इतिहासाची शिकवण होय.