प्राणवायूची उणीव कोणास कळते?

प्राणवायूवांचून प्राणी जगत नाहीं, हें शाळेंतील पोरही सांगेल; परंतु तो कमी पडूं लागल्याचें प्राण्यास कळतें कसें, याची कथा आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

१५ एप्रिल १८७५ रोजीं ‘झेनिथ’ नांवाच्या बलुनांतून तिघे फ्रेंच गृहस्थ पॅरिसहून आकाशांत चढले. प्राणवायूच्या पिशव्या जवळच होत्या. परंतु आठ हजार मीटरांच्या सुमारास त्यांकडे हात नेण्याचेंही त्राण कोणांत उरलें नाहीं. सिव्हेल व क्रोसे-स्पिनेली गतप्राण होऊनच खालीं आले. टिसांदिए तेवढे वांचले. आम्हांस सर्वांत भयंकर वाटतें तें हें कीं, टिसांदिए यांच्या कथनाप्रमाणें तेथें वेदना नव्हतीच, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता! मन ज्या शत्रूस ओळखीत नाहीं, त्याची चाहूल शरीरांत कोणासच लागत नाहीं काय?

लागते, असें १८९० च्या सुमारास दिसून आलें. व्हिओ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें पेरू देशांतील मोरोकोचा या सुमारें ४,५०० मीटर उंचीवरील खाणींच्या गांवीं स्वतःचें रक्त तपासलें. एका घन मिलीमीटरांतील तांबड्या पेशी ५० लक्षांवरून तीन आठवड्यांत ८० लक्षांच्या घरांत गेल्या होत्या. पुढें कळलें कीं, हाडांतील मगजास ही आज्ञा मुख्यतः मूत्रपिंडांतून निघणाऱ्या ‘एरिथ्रोपोएटिन’ या द्रव्याकडून मिळते. पण मूत्रपिंडास कोण सांगतें?

याच्या उत्तरास शंभर वर्षें लागलीं. अमेरिकेंत सेमेन्झा यांस १९९२ सालीं पेशींत ‘हिफ’ नांवाचें प्रथिन आढळलें. २००१ सालीं अमेरिकेंतील केलिन व इंग्लंडांतील रॅटक्लिफ यांच्या गटांनीं त्याचें गूढ उकललें. तिघांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पेशी हें प्रथिन सदोदित घडविते, आणि प्राणवायु भरपूर असतां सदोदित मोडूनही टाकिते! प्राणवायूच्याच साह्यानें त्यावर एक खूण होते. खूण झालेलें प्रथिन कांहीं मिनिटांतच नाहींसें होतें. प्राणवायु घटला कीं खूण होत नाहीं. मग प्रथिन सांचतें, पेशीच्या केंद्रांत शिरतें व एरिथ्रोपोएटिनचें काम सुरू करवितें. रोज रांधून रोज फेंकणाऱ्या गृहिणीस आम्ही उधळी म्हणूं. पण संकट दारांत आल्यावर चूल पेटवावयास पेशीस सवड कोठली?

मात्र नव्या तांबड्या पेशी तयार होण्यास दिवस लागतात. ‘झेनिथ’ सुमारें दोन तासांतच त्या उंचीवर पोहोंचलें होतें.