डॉक्टरांचा कर आणि हकिमांचा वक्फ

माझा भाचा आणि त्याची बायको दोघंही डॉक्टर. कमाई चांगली, म्हणून करही मोठा. परवा भाचा म्हणाला, "मामू, माझे हिंदू मित्र एचयूएफ काढतात. वेगळं पॅन कार्ड, वेगळी करमुक्त मर्यादा. आपल्यात असं काही नाही का?"

नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाला आयकर कायदा स्वतंत्र व्यक्ती मानतो. जैन, शीख कुटुंबांनाही ते चालतं. आपल्या शरियतमध्ये जन्माने हक्क मिळणारी सामायिक मिळकतच नाही. बाप हयात आहे तोवर मिळकत बापाची. तो गेला की प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला.

पण मिळकतीचे तुकडे होऊ नयेत यासाठी आपल्या पूर्वजांनी एक वाट काढली होती: वक्फ अलल-औलाद. मिळकत वक्फ करायची, उत्पन्न पिढ्यान् पिढ्या मुलाबाळांना आणि वंश संपल्यावर गोरगरिबांना. 1894 साली अबुल फता खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ बेकायदा ठरवला. दोन भावांनी केलेल्या त्या वक्फात गरिबांची पाळी वंश संपल्यावरच येणार होती. हा दानधर्म केवळ नावापुरता आहे, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. मुसलमानांत खळबळ उडाली. घरच्यांना पोसणं हाही सवाबच, हे इंग्रज न्यायाधीशांना उमगलं नाही, अशी तक्रार होती. मौलाना शिबली नोमानींनी मोहीम चालवली. मुंबईच्या मुसलमानांनी निवडून दिलेले बॅरिस्टर जिना यांनी 1911 मध्ये कौन्सिलात विधेयक मांडलं आणि 1913 मध्ये त्याचा कायदा झाला. 1930 च्या कायद्याने तो जुन्या वक्फांनाही लागू केला.

1961 च्या आयकर कायद्याच्या 160 व्या कलमात या 1913 च्या कायद्याचा नावानिशी उल्लेख होता. पण तो सूट देण्यासाठी नाही, मुतवल्लीकडून कर घेता यावा म्हणून! लाभार्थींचे हिस्से ठरलेले असतील तर ज्याच्या त्याच्या हिशेबाने कर. नसतील तर सहसा सर्वात चढ्या दराने. धर्मादायाची सूट हवी असेल तर तिचा फायदा घरच्यांकडे वळवता येत नाही.

हे ऐकून भाचा हिरमुसला. मग मी त्याला त्याच्याच पेशातल्या एका घराण्याची हकिगत सांगितली. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला. 1922 मध्ये ते वारले तेव्हा थोरला मुलगा अजून पोरवयात होता. त्यांच्या बेगम राबिया यांनी डोलारा सांभाळला. फाळणीनंतर धाकटे हकीम मोहम्मद सईद कराचीला गेले, थोरले हकीम अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले आणि 1948 मध्ये त्यांनी चालता धंदा वक्फ केला. तिकडे सईदांनीही 1953 मध्ये तेच केलं. रूह अफ्जाच्या बाटल्यांतून आलेल्या पैशावर पुढे संस्था उभ्या राहिल्या. 1989 मध्ये जामिया हमदर्दला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

"मग हॉस्पिटलची इमारत मुलाच्या नावे अलल-औलाद केली तर?" भाच्याने विचारलं. त्याला एक मुलगा आणि दोन मुली.

खरी मेख इथेच आहे. मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही, आणि आपल्या सुन्नी हनफी फिकहनुसार बाकी वारसांच्या संमतीशिवाय एखाद्या वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही. हयातीत केलेल्या वक्फाला ही मर्यादा नव्हती. त्यामुळे मिळकत एकसंध ठेवण्याच्या नावाखाली काही ठिकाणी लेकींचा हिस्सा गेला. 2025 च्या वक्फ दुरुस्तीवर माझे बरेच आक्षेप आहेत. पण अलल-औलाद वक्फामुळे स्त्रियांसह कुणाही वारसाचा हक्क बुडता कामा नये, हे त्यातलं कलम मला मान्य आहे.

भाच्याला मी सांगितलं, कर भर, जकात वेगळी काढ, चांगला सीए गाठ, पण लेकींना डावलून काही करू नकोस.

तो गेल्यावर कपाटातली फाईल काढली. अब्बांच्या घराचं हक्कसोडपत्र त्यात आहे. त्यावर त्याच्या अम्मीची, माझ्या बहिणीची सही आहे. तिने हसत केली होती. तिला तिचा हिस्सा हवा आहे का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. या रविवारी विचारायला जाणार आहे.