दोनदा कोसळलेलं शिखर

कोलकात्याला पोस्टिंग झालं तेव्हा घरच्यांनी रसगुल्ल्यांची यादी दिली आणि कोर्समेट्सनी उकाड्याची धास्ती. ईस्टर्न कमांडचं मुख्यालय जिथे आहे तो फोर्ट विल्यम. त्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, तेही आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून! गेटवर ते नाव वाचताना मराठी माणसाची छाती दोन इंच फुगतेच.

रविवारी सकाळी मी मैदानातून चालायला निघायचो. हे मैदान म्हणजे मुळात तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा. प्लासीनंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधला, तो १७८१ साली पूर्ण झाला. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून भोवतालचं जंगल तोडलं. आज तिथे पोरं क्रिकेट खेळतात. मैदानाच्या दक्षिण टोकाला, व्हिक्टोरिया मेमोरियलच्या शेजारी, झाडांतून एक पांढरा चौकोनी मनोरा दिसतो. तेच सेंट पॉल्स कॅथेड्रल.

पहिल्यांदा आत गेलो ते फक्त सावलीसाठी. नंतर कळलं, की ही इमारत आपल्याच बिरादरीतल्या माणसाची आहे. आराखडा केला तो बेंगॉल इंजिनिअर्सच्या मेजर विल्यम नेर्न फोर्ब्स यांनी. कोलकात्याची जुनी टांकसाळही त्यांचीच. तिची दर्शनी बाजू त्यांनी ग्रीक देवळासारखी केली आणि कॅथेड्रलला गॉथिक रूप दिलं. फौजी इंजिनिअरला जे काम मिळेल ते करावं लागतं, तेव्हाही आणि आताही.

त्याआधी शहराचं कॅथेड्रल होतं सेंट जॉन्स चर्च, १७८७ सालचं. वाढत्या शहराला ते अपुरं पडू लागलं. बिशप डॅनियल विल्सन यांनी पुढाकार घेतला, ८ ऑक्टोबर १८३९ रोजी पायाभरणी झाली आणि बरोबर आठ वर्षांनी, ८ ऑक्टोबर १८४७ रोजी, चर्चचं अर्पण झालं. बांधकामाचा खर्च सव्वाचार लाखांच्या पुढे गेला.

आता थोडं फोर्ब्सच्या अडचणीविषयी. युरोपातली गॉथिक कॅथेड्रल्स दगडाची असतात. टोकदार कमान भार खाली उतरवते, उरलेला बाहेरचा रेटा भिंतींना टेकवलेले आधारस्तंभ पेलतात. म्हणूनच भिंती उंच जातात आणि खिडक्या मोठ्या होतात. कोलकाता मात्र गंगेच्या गाळावर वसलेलं. जवळपास दगड नाही, पायाखाली खडक नाही. फोर्ब्सनी मुख्य बांधकाम विटांचं केलं, बाहेरून चुनारचा दगड वापरला. छत दगडी कमानींचं न करता लोखंडी कैच्यांवर तोललं आणि त्या कैच्यांना गॉथिक नक्षी चढवली. त्यामुळे मधल्या दालनात खांबांची गर्दीच नाही. ऐसपैस जागा, हवा खेळती. इथल्या उन्हाळ्यात बसून पाहा, म्हणजे त्याची किंमत कळते.

मनोऱ्यावर इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथेड्रलच्या धर्तीवर निमुळतं शिखर होतं, जमिनीपासून सुमारे दोनशे फूट. १२ जून १८९७ रोजी आसामचा महाभूकंप झाला आणि त्या शिखराला तडाखा बसला. केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पण मऊ गाळाची जमीन दूरचा हादराही वाढवून वर पोचवते आणि वीटकामाला ताण सोसत नाही. शिखर पुन्हा उभारलं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळचा भूकंप झाला आणि ते पुन्हा कोसळलं.

यावेळी शहाणपण आलं. नॉर्विचचा हट्ट सोडला आणि कँटरबरी कॅथेड्रलच्या बेल हॅरी मनोऱ्यासारखा चौकोनी मनोरा बांधला. टोकदार शिखर गेलं ते कायमचं. आज मैदानातून दिसतो तो हाच मनोरा.

हे कळलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. कारण माझंही एक 'शिखर' आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका डोंगरी पोस्टिंगवर, नाल्यावरचा आमचा पादचारी पूल पुरात वाहून गेला. मी तो त्याच जागी, तसाच बांधायचं ठरवलं. एक अनुभवी हवालदार म्हणाले, "साहेब, पाण्यानं एकदा वाट धरली की ते सोडत नाही. थोडं वर सरकू या." मला घाई होती आणि खरं सांगायचं तर तरुण अधिकाऱ्याचा ताठाही होता. पूल तिथेच बांधला. पुढच्याच पावसात तो गेला. त्याच आठवड्यात आमच्या एका जवानाचे वडील वारले. लांबच्या वाटेनं फिरून तो घरी पोचला तेव्हा तेरावं उरकलं होतं. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तिसरा पूल आम्ही हवालदारसाहेबांनी दाखवलेल्या जागी बांधला. मी तिथून निघेपर्यंत तो उभा होता.

पडलेलं जसंच्या तसं उभं करण्याला आपण जिद्द म्हणतो. पण जमिनीनं दिलेला अहवाल न वाचता तेच पुन्हा केलं, तर ती जिद्द नसते आणि तिची किंमत बहुधा दुसराच कुणी मोजतो.

कॅथेड्रलमध्ये आणखी दोन गोष्टी जरूर पाहा. पश्चिमेकडची रंगीत काचेची खिडकी बर्न-जोन्स या चित्रकाराची, १८८० सालची. १८७२ मध्ये अंदमानात मारले गेलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचं ते स्मारक. दुपारनंतर उतरतं ऊन तिच्यातून आत येतं. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतींवरच्या स्मृतिशिला. त्यांत फौजी अधिकाऱ्यांची नावं पुष्कळ, त्यांच्याबरोबर लढलेल्या हिंदी शिपायांची शोधावी लागतात. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलेल्यांना हे नवं नाही. युद्धाच्या स्मरणार्थ बांधलेलं तेही गॉथिकच.

म्हणून इथे एक नोंद माझ्याकडून. त्या हवालदारसाहेबांचं नाव इथे लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, पण तो पूल त्यांचा होता. वाचत असाल तर साहेब, उशिरानं का होईना, राम राम आणि सॅल्यूट.

जय हिंद!