शिकलगारांचा तंबोरा आणि विजेचा स्वर

जाझच्या संस्कारांत वाढलेले मुंबईचे अ‍ॅकॉर्डियनवादक केरसी लॉर्ड यांनीं १९७३ सालीं मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतांत आणला. तारेवांचून, भात्यावांचून, केवळ विजेच्या प्रवाहानें स्वर निघूं लागला. एका कलावंतानें स्वेच्छेनें टाकलेलें तें पाऊल होतें. सांगली जिल्ह्यांतील मिरजेस हाच विजेचा स्वर निराळ्या रूपानें भेटला. तेथें प्रश्न एका वादकाच्या आवडीचा नव्हता, तर वाद्यें घडविणाऱ्या कुटुंबांच्या चरितार्थाचा होता.

या कुटुंबांचा इतिहासच मुळीं धंदेपालटाचा आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्यही खालसा झालें. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात रिकामे झाले. अशा काळांत, १८५० च्या सुमारास, मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, असें तेथील परंपरा सांगते. पुढें अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस येऊन राहिले आणि गवई व कारागीर यांचा निकट शेजार घडला.

१९७९ सालीं बंगळूर येथें जी. राज नारायण यांनीं इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. लहानशा पेटींत मावणारा, प्रवासांत न फुटणारा हा तंबोरा रियाजाच्या खोलींत शिरला. पुढें तोच झंकार मोबाईल फोनमध्येंही आला. नवशिक्या गायकाला भोपळ्याचा तंबोरा विकत घेण्याची निकड उरली नाहीं.

परंतु तंबोऱ्याचा प्राण जवारींत असतो. घोडीचा माथा घासून त्याला किंचित् उतार द्यावयाचा, तारेखालीं सुताचा दोरा सरकवावयाचा, म्हणजे एका स्वरांतून अनेक उपस्वर उमलतात. गवयाच्या गळ्याप्रमाणें ही जवारी खुली किंवा बंद ठेवतां येते. तेथें मापपट्टी चालत नाहीं, कानच प्रमाण.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल. विद्या मात्र शिकणाऱ्याच्या हातांतच टिकते. पहिल्या धंदेपालटांत तलवार गेली, तरी कानस धरणारा हात कामीं आला. विजेच्या पेटींत त्या हाताला काम नाहीं. दोन पालटांमधला हा भेद आहे, आणि मिरजेची खरी कसोटी तोच पाहत आहे.