त्रिज्या एक : प्रस्तावना

पृथ्वीची त्रिज्या १ मानली, तर सोलापूर म्हणजे आपल्या रेखावृत्तावरचा (०.९५३, ०.३०४) हा बिंदू. गावाचा अक्षांश सुमारे १७.७ अंश; त्याची कोसाइन पहिली संख्या, साइन दुसरी. दुसरीला पहिलीने भागले की ०.३१९, म्हणजे टॅन. मार्च किंवा सप्टेंबरातल्या विषुवदिनी, सूर्य माथ्याशी सर्वांत जवळ असताना, इथे एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. सावली जवळपास ३२ सेंटिमीटर भरेल.

दहावीत त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणातून शिकवतात, आणि तो त्रिकोण ९० अंशांपाशी थांबतो. वर्तुळ थांबत नाही. एकक वर्तुळावर (−३/५, ४/५) हा बिंदू दिला, तर कोन किती अंशांचा हे विचारावेही लागत नाही: कोसाइन −३/५, साइन ४/५, टॅन −४/३. ऋण चिन्ह कुठून आले, हे बिंदू दुसऱ्या चरणात आहे यावरूनच कळते. (०, १) पाशी टॅन का मिळत नाही, हेही तिथेच दिसते. शून्याने भागता येत नाही.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातले सांगितले आहे. त्यांच्या ज्योत्पत्तीत १८ अंशांच्या ज्येची, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनची, नेमकी रीत आहे: त्रिज्यावर्गाच्या पाचपटीचे वर्गमूळ काढा, त्यातून त्रिज्या वजा करा, चाराने भागा. त्या परंपरेत त्रिज्या ३४३८ घेत, कारण परीघ २१,६०० कलांचा (एका अंशाच्या साठ कला). उत्तर येते सुमारे १०६२. त्रिज्या १ घेतली तर (√५ − १)/४, म्हणजे ०.३०९, सोलापूरच्या साइनच्या अगदी शेजारी. १७४८ च्या ग्रंथात ऑयलरने त्रिज्या एक धरली आणि आकडेमोड हलकी झाली. ज्या मात्र पहिल्यापासून वर्तुळाचीच होती, म्हणून वर्तुळाआधी त्रिकोण शिकवणे मला उलटे वाटते.

तेव्हा तक्ता पाठ करण्याआधी आलेखकागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा, कोनमापकाने ३०, १२०, २२५ अंशांच्या भुजा आखा आणि छेदबिंदूंचे निर्देशक स्वतः मोजून दहाने भागा. पुढची प्रकरणे त्यानंतरच उघडा.