अंगणात गेलेली शाळा : बोर्डी ते कोसबाड

'अंगणवाडी' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो, की तो कुणाला तरी एका अडचणीतून सुचला असेल असं आपल्या मनातही येत नाही. आज आपण त्या अडचणीपर्यंत जायचंय.

साल १९४५. ठिकाण बोर्डी, तेव्हाचा ठाणे जिल्हा आणि आताचा पालघर. समुद्रकाठ, चिकूच्या वाड्या, पलीकडे लगेच गुजरात. त्याच वर्षी आसपासच्या भागात गोदूताई परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उभी राहत होती, हेही लक्षात ठेवू या. तर अशा मुलखात ताराबाई मोडक नावाच्या त्रेपन्न वर्षांच्या बाई बालवाडी काढायला आल्या.

त्या काही नवख्या नव्हत्या. राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या होत्या. तिथे मॉण्टेसरी पद्धत रुजवण्याचे प्रयोग चालले होते. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. नाव होतं, अनुभव होता, पालकांचा विश्वास होता. मग बोर्डी कशासाठी?

इथे जरा थांबू. मारिया मॉण्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये, सान लोरेन्झो या गरीब वस्तीत निघालं होतं. म्हणजे पद्धत जन्मली गरिबांच्या पोरांसाठी. आपल्याकडे येईपर्यंत मात्र ती शहरातल्या सुखवस्तू घरांची झाली. दट्ट्यांची पेटी, गुलाबी मनोरा, रंगपेट्या हे सगळं साहित्य मोजून-मापून बनवलेलं आणि महाग. ते खेड्यात कोण विकत घेणार? ताराबाईंना हाच प्रश्न सोडवायचा होता, असं आम्हाला त्यांचं काम पाहताना वाटतं.

साहित्याचा प्रश्न तसा सुटला. शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे यांतून लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, मोजणं, रंग ओळखणं, सगळं शिकवता येतं. तत्त्व मॉण्टेसरीचं आणि वस्तू गावच्या.

खरी अडचण पुढेच होती. गावात मध्यवर्ती बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. का फिरकतील? जातीने आखलेलं गाव ओलांडून तीन-चार वर्षांचं पोर एकटं येणार कसं, आणि त्याला आणून सोडायला घरी रिकामं कोण होतं? एखादी संस्था म्हणाली असती, 'आम्ही दार उघडं ठेवलंय, पालकांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही.' हे वाक्य आपण आजही किती ठिकाणी ऐकतो! ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. मुलं येत नाहीत ना, मग बालवाडी वस्तीत न्यायची. घरासमोरचं अंगण किंवा झाडाची सावली हाच वर्ग. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं इथून दिवसाची सुरुवात. अंगणात भरते ती अंगणवाडी. शब्द असा आला.

या कामात त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. लग्न तेराव्या वर्षी, आणि काही महिन्यांतच वैधव्य. स्वतःच्या जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. १९४५ च्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या, त्या आयुष्यभरासाठी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे वारली पाडे. अंगणवाडीचा तोडगा इथे पुरला नाही, कारण अंगणात मूलच नसायचं! थोडी मोठी मुलं गुरं घेऊन कुरणात, आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. मग शाळा गुरांमागे निघाली. तिचं नाव कुरणशाळा. कडेवरच्या बाळाचं काय? त्यासाठी विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई भावाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि स्वतः वर्गात बसायची. मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर तिच्या कडेवर होतं, आणि ते आधी कुणी नीट पाहिलं नव्हतं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या १९७३ साली गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' देशभर पोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा. आहार आणि लस मोलाचीच आहे, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण बोर्डीत आंघोळ आणि खाऊ ही शिकण्याची पहिली पायरी होती. योजनेत वजनाची नोंद, आहाराची नोंद, रजिस्टरांमागून रजिस्टरं आली, आणि शिंपले मांडून बसायला बाईंना वेळ उरला नाही. हे आमचं मत आहे. चांगल्या चालणाऱ्या अंगणवाड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील, त्यांनी चर्चेत जरूर सांगावं.

आणखी एक गोष्ट. अनुताईंनी आयुष्यभर गावातल्याच बायकांना बालसेविका म्हणून तयार केलं. आज त्या परंपरेतल्या सेविकेला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. तो अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं एप्रिल २०२२ मध्ये. आणि २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका पुन्हा संपावर होत्या.

पुढच्या व्याख्यानात आपण भावनगरला, गिजुभाईंकडे जाऊ. आता प्रश्न घेऊ या.