भिंतीपलीकडचा खर्ज : एका मोजपट्टीचा इतिहास

जबलपूरमधील कोणत्याही सदनिकेत रात्री साडेदहाला होम थिएटर सुरू आहे अशी कल्पना करा. शेजारच्या घरात चित्रपटातील संवाद पोहोचत नाहीत, गाण्याचे शब्दही कळत नाहीत. भिंतीतून येतो तो केवळ एक जड, ठोके घेणारा घुमारा. तक्रार होते, ध्वनिमापक आणला जातो आणि आकडा मर्यादेच्या आत निघतो. मोजणारा चुकलेला नसतो, तक्रारदारही खोटे बोलत नसतो. चूक कोठे आहे हे समजून घ्यायचे, तर ती मोजपट्टी कधी आणि कशासाठी घडली हे पाहावे लागते.

जबलपूरला कायद्याच्या इतिहासात खास स्थान आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर उच्च न्यायालयाचा वारसा या शहराकडे आला आणि ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य ठिकाण झाले. या राज्याने आपला कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ मध्येच केला होता. देशपातळीवर १९८७ मध्ये हवा प्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गोंगाटाची गणना प्रदूषकांत झाली, १९८९ मध्ये मर्यादा ठरल्या आणि १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर सविस्तर निकाल दिला. त्या प्रकरणाच्या मुळाशी एक भीषण घटना होती : अत्याचाराला बळी पडलेल्या १३ वर्षांच्या मुलीच्या किंकाळ्या ध्वनिवर्धकाच्या आवाजात कोणाला ऐकूच आल्या नव्हत्या. २०१० च्या दुरुस्तीनुसार खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे निवासी भागात, रात्री, आपल्या हद्दीवर ५० डेसिबल.

मात्र नियमातील डेसिबलपुढे कंसात एक अक्षर असते : ए. आपला प्रश्न त्या एका अक्षरात दडलेला आहे.

१९३३ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी कानाच्या संवेदनशीलतेचे आलेख प्रसिद्ध केले. निरनिराळ्या वारंवारतांचे स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतकेच मोठे वाटण्यासाठी किती दाब लागतो, हे त्यांनी श्रोत्यांकडून तपासून घेतले होते. हळू आवाजात खर्जाचे स्वर कानाला फारच क्षीण वाटतात, हे त्यातून दिसले. या आलेखांच्या आधारे १९३६ च्या अमेरिकी मानकात ध्वनिमापकासाठी वक्र ठरवले गेले. त्यांपैकी ‘ए’ हा हळू आवाजांसाठी होता. मोठ्या आवाजांसाठी खर्ज कमी वगळणारे वेगळे वक्र होते. पुढील दशकांत सोयीपोटी ‘ए’ सर्वच आवाजांसाठी रूढ झाला आणि जगभरच्या कायद्यांत शिरला. तो १०० हर्ट्झला सुमारे १९, ६३ हर्ट्झला २६ आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करतो.

आता हिशेब करू. हद्दीवर ६३ हर्ट्झचा खर्ज प्रत्यक्षात ७५ डेसिबल आहे. मापक दाखवील ४९. नियम पाळला गेला! पण ६३ हर्ट्झला निरोगी कानाचा ऐकण्याचा उंबरठा साधारण ३८ डेसिबल आहे. शेजाऱ्याच्या कानावर पडणारा आवाज त्या उंबरठ्याच्या बराच वर असतो. शिवाय मापक वेळेची सरासरी काढतो. झोप मोडते ती मात्र थांबून थांबून येणाऱ्या ठोक्यांनी.

मोजपट्टी जागच्या जागी राहिली, स्पीकर मात्र बदलत गेले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला. १९५४ मध्ये एडगर विलचर यांनी हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत पेटीच्या रचनेचे गणित बसवले. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आले, तेव्हा १२० हर्ट्झखालच्या परिणामांसाठी स्वतंत्र वाहिनी मिळाली. ‘५.१’ मधला ‘.१’ तो हाच. चित्रपटगृहाच्या जाड भिंतींमागे शोभणारा तो खर्ज काही वर्षांतच दिवाणखान्यात आला.

दिवाणखान्याची भिंत त्याला पुरी पडत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर रोध सुमारे ६ डेसिबलने वाढतो. वारंवारता निम्मी झाली, तर तेवढाच घटतो. म्हणून संवाद अडतात आणि खर्ज पार होतो. भिंतीची गुणवत्ता सांगणारा प्रचलित आंतरराष्ट्रीय एकआकडी निर्देशांकही १०० हर्ट्झपासूनच मोजला जातो. सबवूफरचे मुख्य कार्यक्षेत्र ध्वनिमापकाने कमी लेखलेले आणि भिंतीच्या प्रमाणपत्राने वगळलेले आहे.

अन्यत्र ही उणीव ओळखली गेली. स्वीडनने १९९६ मध्ये घरांतील खर्जासाठी ३१.५ ते २०० हर्ट्झपर्यंत वारंवारतेनुसार मर्यादा सुचवल्या. जर्मनीच्या १९९७ च्या मानकात ‘सी’ आणि ‘ए’ मापनांतील फरक २० डेसिबलहून अधिक असेल, तर खर्जाची वेगळी तपासणी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९९ मध्ये केवळ ‘ए’वर विसंबू नका, असा इशारा दिला. आपले नियम आजही ‘ए’वरच आहेत.

तोपर्यंत जबाबदारी स्पीकरच्या मालकावर येते, आणि विज्ञान येथे त्याच्या बाजूने आहे. आवाज निम्मा वाटण्यासाठी १००० हर्ट्झला १० डेसिबल कमी करावे लागतात; ६३ हर्ट्झच्या आसपास मात्र सहा-सातच पुरतात. सबवूफरचे बटण थोडे मागे फिरवले, तरी शेजारघरी मोठा फरक पडतो. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढावा, कारण जवळची प्रत्येक भिंत खर्जात भर घालते. त्याखाली मऊ रबरी पाये द्यावेत, म्हणजे कंप फरशीत कमी उतरतो. तो सामाईक भिंतीपासून दूर आणि आपल्या आसनाजवळ ठेवावा. कमी आवाजात तेवढेच ऐकू येते. रात्री यंत्रातील ‘नाइट मोड’ वापरावा. भिंतीला पातळ फोम चिकटवून मात्र उपयोग नाही : ५० हर्ट्झची लहर जवळपास ७ मीटर लांब असते, दोन-चार सेंटिमीटरच्या स्पंजाने ती अडत नाही.

‘ए’ हा वक्र खोटा नाही. हळू आवाजात कान खर्जाला खरोखरच मंद असतो, एवढेच तो सांगतो. त्यावरून शेजाऱ्याची झोप मोडली की नाही, हे ठरवता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी मापकाचा आकडा पुढे केला, तर एक प्रश्न जरूर विचारा : हा डेसिबल ‘ए’ आहे की ‘सी’?